राहून गेलेली ओळ

दि. ४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून. रुग्णवाहिकेच्या फोनवर बसून मला यंदा अकरा वर्षं झाली. काल दारावरची घंटा वाजली, तर मी आतूनच विचारलं, रुग्ण शुद्धीवर आहे का? बाहेर दूधवाला होता. तो म्हणाला, अजून तरी आहे. मुलं पोट धरून हसली. मीही हसले आणि मग न्हाणीत जाऊन रडले. परवा घराचा क्रमांक चुकीचा लिहिला. गाडी वेळेत पोचली, पण पोचली नसती तर?

नोकरी सोडायचं ठरवलं आहे. ह्यांचीही हरकत नाही. पण राजीनामा लिहायला बसले की पेन पुढे सरकत नाही. आमच्या मुख्य मॅडमनीच मला हे काम शिकवलं, त्यांचं मन दुखवायचं नाही. तुझ्या पत्रलेखनाला गुरुजी दहापैकी दहा द्यायचे ना? मग एक मसुदा धाड. मी जसाच्या तसा उतरवीन.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी,
बारकी

दि. ११ जून

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून काळजात चर्र झालं. ताण सोसायला कापडालासुद्धा मर्यादा असते, तू तर माणूस. दुकानात शाळेच्या गणवेशांची घाई आहे, तरी मशीन बाजूला सारून मसुदा लिहिला. सोबत आहे. गुरुजी सांगत, कडू बोलायचं असेल तर आधी समोरच्याला नीट बसू द्यावं. म्हणून आभार आधी घातले. तीनदा वाचला, एक शब्द बोचत नाही.

ओळी वाकड्या गेल्या असतील तर दिव्याचा दोष समज. तुझी वहिनी म्हणते दिवा कालच बदललाय. तिचं काय ऐकायचं!

सकाळी पूजेत तुझं नाव घेतलं. मागितलं काही नाही, त्याला सगळं कळतं.

मुलांना पापे. आठवण ठेवतेस तशीच ठेव.
तुझा,
दादा

दि. २० जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा मसुदा अक्षरशः उतरवून दिला. मॅडमनी उभ्याउभ्या वाचला, चष्मा काढून डोळे पुसले आणि कागद सूचनाफलकावर लावला. मला दोन दिवसांची रजा दिली आणि नव्या मुलींना शिकवायचं कामही गळ्यात घातलं! गेले होते सुटायला, बसले आणखी अडकून.

घरी येऊन तुझा मसुदा पुन्हा वाचला. अकरा वर्षांचे आभार आहेत, चुकांची क्षमायाचना आहे, रागावल्याबद्दलही कृतज्ञता आहे. मी नोकरी सोडते आहे, एवढंच कुठे नाही. तू लिहिलं नाहीस आणि माझ्या हाताने उतरवताना मलाही कळलं नाही. आपण एकाच मुशीतले.

आधी खूप हसले. मग बाबांच्या शेवटच्या आजारातलं तुझं पत्र आठवलं. डॉक्टर भले आहेत, खिडकीतून वारा छान येतो, बाबा तुझी आठवण काढतात. मला वाटलं, मुलांच्या परीक्षा आटोपून निघू. निघाले तोवर उशीर झाला होता. तुला कधी बोलले नाही. आजही दोष देत नाही, पण आठवलं ते लिहिलं.

दुसऱ्या दिवशी माझं मीच लिहिलं. चारच ओळी. पहिली : मी एकतीस जुलैला काम सोडत आहे. त्याखाली आभार. मॅडमनी हे खुर्चीत बसून वाचलं. म्हणाल्या, हे पहिल्याच कागदात असतं तर मी तेव्हाच तुझ्या जागी माणूस शोधायला लागले असते. आणि सही केली.

तुझ्या ओळी खरंच वाकड्या होत्या. दोन शब्द तर एकमेकांवर चढलेत. तो दिव्याचा दोष नाही, दादा.

रागावू नकोस, आणि रागावलास तर तसं कळव.
तुझी,
बारकी

दि. २८ जून

चि. बारकीस,

उजव्या डोळ्याने मला आता दिसत नाही. काचबिंदू आहे. डावा वाचावा म्हणून पाच ऑगस्टला ऑपरेशन आहे. मला भीती वाटते. तू ये.

एवढं लिहायला तीन दिवस लागले. आता, अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबांच्या वेळचं ते पत्र माझ्याही मनातून गेलेलं नाही. तुला धक्का बसू नये म्हणून तसं लिहिलं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे बाबा वाचणार नाहीत, हे लिहायचं धाडस मलाच नव्हतं.

परवा एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. गिऱ्हाईक बिचारं काही बोललं नाही, तेही आपल्यासारखंच.

आज देवाचे आभार मानून उठत होतो, तो पुन्हा बसलो. म्हटलं, एक डोळा तरी राहू दे. जन्मात पहिल्यांदा काही मागितलं. फार संकोच वाटला, पण उठताना हलकं वाटलं.

वहिनी म्हणाली, मी लिहून देते. नको म्हटलं. ओळी वाकड्या गेल्या आहेत, तशाच वाच.

माया असू दे. पण पाच तारखेच्या आधी ये.
तुझा,
दादा