ओबेडला एकोणीस जूनपासून स्वतंत्र धरण्याबाबत

दिनांक : ४ जून १८६६

प्रति,
मा. अधिकारी साहेब,
मुक्त झालेल्या लोकांची कचेरी,
ब्राझोस नदीकाठ, टेक्सास

अर्जदार : केझाया, मयत ओबेड याची बायको, राहणार टॉलिव्हर यांचा कापसाचा मळा.

विषय : ओबेड मेला त्या दिवशी गुलाम होता की स्वतंत्र, याचा निकाल एकोणीस जूनच्या सणाआधी मिळण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा मार्चमधील अर्ज व त्यावर आलेले "न्यायाधीशांकडे जावे" हे उत्तर.

महोदय,

१. अर्जदार सविनय कळविते की, गतवर्षी एकोणीस जून रोजी गॅल्व्हेस्टन बंदरात लष्कराने हुकूम वाचून टेक्सासातील तमाम गुलाम स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. बातमी मालक टॉलिव्हर यांच्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली, कारण त्यांचा कापूस वेचायचा राहिला होता.

२. सप्टेंबरात ओबेडला निरोप आला की, पलीकडच्या मळ्यावर त्याची आई शेवटच्या घटका मोजते आहे. मळ्याबाहेर जाण्याच्या परवानगीची चिठ्ठी त्याने मालकांकडे मागितली. मालक म्हणाले, "वेचणी संपू दे, मग जा." ओबेड म्हणाला, "तोवर ती थांबायची नाही," आणि निघाला. मुकादमाने त्यास नदीच्या उतारावर गोळी घातली.

३. नोव्हेंबरात कापूस गाड्यांत भरून झाल्यावर मालकांनी सर्वांना ओसरीसमोर बोलावून तोच हुकूम वाचून दाखविला. अर्जदाराने विचारले, "मालक, हे कधीपासून?" ते म्हणाले, "जूनपासून." "कुठल्या जूनपासून? झालेल्या का येणाऱ्या?" यावर लोक हसले. अर्जदारही हसली, याचे तिला अजून नवल वाटते.

४. न्यायाधीश साहेब म्हणाले, "बाई, आपण सुटलोय हे ओबेडला ठाऊक होतं का? नव्हतं ना? मग तो पळाला तो गुलाम म्हणूनच पळाला. पळत्या गुलामाला गोळी घालणं तेव्हा गुन्हा नव्हता." आपल्या कचेरीतील कारकुनांनी नेमके उलट सांगितले : "हुकूम निघाला तेव्हाच तो स्वतंत्र. आणि स्वतंत्र माणूस पळून जात नाही, नुसता जातो. तेव्हा पळताना मारला ही तक्रार आम्हांला घेताच येत नाही." दोघेही शिकलेले. ऐकताना दोघांचे पटते, घरी आल्यावर कोणाचेच पटत नाही. अर्जदार रडत नाही म्हणून तिला दुःख नाही, असेही कारकून म्हणाले. दुःख आहे. हाताला लागत नाही, इतकेच.

५. येत्या एकोणीस तारखेस नदीकाठचे सर्व लोक सुटकेचा पहिला वाढदिवस करणार असून आपण स्वतः हुकूम वाचणार आहात. खड्ड्यात निखाऱ्यांवर मेंढ्या भाजण्याचे काम अर्जदाराकडे आहे व ती ते करील. तारीख नोव्हेंबरची का नको, असे तिने विचारता चर्चमधले वडीलधारे रॅन्समदादा म्हणाले, "अगं, आपण जूनमध्येच सुटलो. टॉलिव्हरनं तोंड उघडलं तेव्हा नव्हे. आपला सण काय त्याच्या मर्जीनं ठरवायचा?" हे अर्जदारास मान्य आहे.

६. अडचण पुढे आहे. गुलामीतच मेलेल्यांसाठी सकाळी कबरींपाशी प्रार्थना व्हायची, आणि सुटल्यानंतर वारलेल्यांचे ताट दुपारी सर्वांबरोबर मांडायचे, असे लोकांनी ठरविले आहे. रॅन्समदादांनी विचारले, "केझाया, ओबेडला कशात धरू गं?" सकाळी धरले तर मुकादम सुटतो. दुपारी धरले तर तो स्वतंत्र माणसाचा खून ठरतो आणि तक्रार न घेणारी आपली कचेरी अडचणीत येते. अर्जदाराने त्यांना अजून उत्तर दिलेले नाही.

७. तरी विनंती की, एकोणीस जून सरकारास सणापुरता मान्य असेल तर तो सप्टेंबरातल्या त्या दिवसापुरताही मान्य करावा आणि मुकादमावर खुनाचा खटला भरावा. मान्य नसेल तर आपण हुकूम वाचू नये. लोक जेवतील आणि घरी जातील. यातले काहीच होणार नसेल, तर निदान ताट मांडू की नको एवढे निखारे पेटविण्याआधी कळवावे.

उत्तराची वाट पाहणारी,
केझाया
(× ही खूण तिच्या हातची. मजकूर तिने सांगितला तसा शाळेच्या बाईंनी लिहिला.)

सोबत :
न्यायाधीश साहेबांच्या निकालाची नक्कल.
ओबेडचा सदरा. धुतलेला आहे. भोक पाठीवर नाही, छातीवर आहे. पाहून झाल्यावर परत मिळावा.