भुरीची राखण

अहो,

परवा सकाळी गोठा झाडत होते. लेंड्या टोपलीत भरल्या, बकऱ्यांना बाभळीचा पाला टाकला, तरी पांढरं करडू पुढे येईना. मग कुडाखालची उकरलेली माती दिसली आणि पलीकडे कोल्ह्याचे ठसे. आपली भुरी कुठे होती? ओसरीवर, तुमच्या बाजेखाली झोपलेली. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, तरी या कुत्रीने जागा बदलली नव्हती.

हे दुसऱ्या कुणाला सांगू? बकऱ्यांच्या राखणीला तिला आपण दोघांनीच निवडलं होतं, म्हणून तुम्हालाच लिहिते.

आठवतं का, खापरखेड्याहून ड्युटी करून येताना तुम्ही कुत्र्यांच्या जातींचं पुस्तक मागून आणलं होतं? मी बोट ठेवून वाचत होते, तुम्ही नुसती चित्रं बघत होता.

"हा अल्सेशियन पाह्य वं. कान कसे उभे आहेत. कोल्हा याले पाहूनच पळते."

"अन याले मटण कोण चारन? आपलीच बकरी कापता का?"

तुम्ही हसलात आणि गणपत धनगराकडून भुरीला घेऊन आलात. मला वाटलं, माझंच खरं झालं.

पिल्लू देताना गणपतने बजावलं होतं, "बकऱ्यांतच ठेवजा गा भाऊ. तिथंच खाऊ द्या, तिथंच झोपू द्या. कुरवाळू नोका." तुम्ही मान डोलावलीत. मग थंडीत ती कुंई कुंई करायला लागली, तेव्हा गोठ्यातून उचलून बाजेखाली कुणी आणली? तुमच्या ताटातली भाकर तिला कोण देत होतं? मी बोलले तर म्हणालात, "लेकरू आहे वं ते." आपल्याला लेकरू नव्हतं.

करडू गेल्याचं कळलं तशा जाऊबाई आल्या. "काढून टाक हिले. आता तरी उभ्या कानाचं आण. या बकऱ्यांवरच तुह्यं पोट आहे ना वं?" त्यांचं चुकलं नाही. कोल्ह्याला एकदा वाट सापडली की तो पुन्हा येतोच.

त्याच संध्याकाळी गणपतला बोलावलं. त्याने भुरीचे दात पाहिले, छाती चाचपली. मी बाजेवर हात ठेवला तशी ती गुरगुरली. आजवर माझ्यावर कधी गुरगुरली नव्हती.

"जात बराबर आहे, वहिनी," गणपत म्हणाला. "राखणच करून राहिली ते. फक्त बकऱ्या तिच्या झाल्या नाहीत. भाऊची बाज तिची झाली."

आणि मी वर्षभर तिला आळशी म्हणत होते.

गणपतकडे पुढच्या वेळी पिल्लं झाली की एक आणीन. ते करडांतच वाढेल. कितीही रडलं तरी तुमच्यासारखं मी त्याला उचलून आणणार नाही. पण भुरीला कुणाला देणार नाही, एवढा शब्द देते.

गणपत येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुमची बाज गोठ्यात नेली आणि कुडाला लागून टाकली. भुरी मागोमाग आली.

तुमची,
सुमन