रेंजच्या पलीकडची रजा

बोईसर, रविवार

तीर्थरूप पुष्पलतामावशी,

तुझ्या पायांना नमस्कार, आणि उजव्या गुडघ्याला वेगळा, कारण तो दुखतो असं आई म्हणाली. वाणगावच्या वाडीत चिकू कसा धरलाय आणि काकांचा खोकला हटला का, तेही कळव. हे फोनवर विचारता आलं असतं, पण सध्या मी फोनकडे पाठ करून बसते. का, तेच सांगायला हे पत्र.

तू मागे विचारलं होतंस, मी कारखान्यात कामाला आहे की कारखाना माझ्या कडेवर आहे. कडेवरच होता, मावशी. कापड रंगवायच्या त्या कारखान्यात बॉयलर, पंप, जनरेटर, सगळी यंत्रं माझ्याकडे. शैलेशसाहेब रजा देतात, पण "फोन तेवढा चालू ठेव" म्हणून (म्हणजे जेवायचं ताट वाढायचं आणि हात बांधायचे). मागच्या रजेत मी शिरगावच्या किनाऱ्यावर गेले. वाळूत पाय पसरले न पसरले तोच बॉयलरचा पंप बिघडल्याचा फोन. समुद्राच्या गाजेत ऐकू जाईना म्हणून मी ओरडत राहिले, "आधी गॅस बंद कर, मग खालचा व्हॉल्व्ह!" शेजारच्या भजीवाल्याने घाबरून आपली शेगडी विझवली. त्याच्या गिऱ्हाइकांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी जन्मात विसरणार नाही. भजी कच्चीच राहिली होती.

तेव्हाच ठरवलं, पुढची रजा जमिनीवर घ्यायची नाही. तडक सातपाटीला नवशामामाकडे गेले आणि म्हटलं, मला बोटीवर ने. तुझा भाऊ तांडेल असला, बोटीवर त्याचाच हुकूम चालत असला, तरी समुद्रापेक्षा लोकलाजेला जास्त भितो. "पोरी, बोटीवर बायका येत नाय. खलाशी काय म्हनतील?" मी म्हटलं, मला मासळी नको, झोप हवी आहे. ते मात्र त्याला पटलं (माझे डोळे पाहून कुणालाही पटलं असतं). खलाशांना त्याने सांगितलं, "भाची हाय, आजारी हाय," आणि आम्ही पहाटे निघालो.

किनारा मागे पडला, तशा फोनवरच्या रेघा एकेक करून गळाल्या. शेवटची जाता जाता साहेबांचा निरोप आला, तोही अर्धवट: "रूपल, बॉयलर". पुढे काही नाही. बॉयलर काय? फुटला? विझला? चोरीला गेला? दुपारपर्यंत मी फोन आकाशाकडे धरून बोटीच्या टोकाला उभी होते. शेवटी मामाने हाताला धरून मला जाळ्यांच्या ढिगावर बसवलं आणि बोंबलांचं कालवण पुढ्यात ठेवलं. "फुटला आसंल तर फुटला. तू हितून काय करनार हाय?" मी फोन खिशात घातला आणि जेवले. मग जी झोपले, ती थेट दुसऱ्या दिवशी इंजिन बंद पडलं तेव्हा उठले. (आवाजाने माणसं उठतात, मी शांततेने उठले.)

इंजिन काही केल्या चालू होईना. खलाशी माझ्याकडे बघायला लागले. बाई बोटीवर घेतल्याचं हे फळ, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलं होतं. मी बाह्या सरसावल्या. आमच्या जनरेटरचंच भावंड ते. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती आणि फिल्टर गाळाने भरला होता. हवा काढली, फिल्टर धुतला, आणि इंजिन असं धडधडायला लागलं की मामाने स्वतःच्या डोक्यावरची टोपी माझ्या डोक्यावर घातली. "ही पोर आता बोटीची," म्हणाला. पदवीदान समारंभात मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

परत येताना रेंज आली आणि साहेबांचा निरोप पुरा झाला: "रूपल, बॉयलर उत्तम चाललाय, काळजी करू नकोस." मागोमाग दुसरा: पंप बंद पडला होता, माझ्या हाताखालच्या धीरजने एकट्याने उघडून चालू केला. तरी सोमवारी मी बोलणी खायच्या तयारीने साहेबांपुढे उभी राहिले. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "तिकडे खरंच फोन लागत नाही?" मी म्हटलं, नाही. त्यांनी सुस्कारा सोडला आणि त्याच दिवशी फर्मान काढलं: रजेवरच्या माणसाला कारखान्यातून फोन करायचा नाही. मावशी, धीरजने पेढे वाटले. मी चार खाल्ले.

गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी जिंकलेली भाची,
रूपल

ता. क. कारखान्याचे फोन थांबले, पण मामाचे सुरू झालेत. "इंजिन जरा खोकतंय, ऐक," म्हणतो आणि फोन इंजिनाला लावतो. माझ्या कानाचे पडदे फाटायचे राहिलेत. तू थोरली, तुझंच तो ऐकतो. त्याला एवढं सांग, की सातपाटीत मेकॅनिक आहेत.

ता. क. दुसरा. वरचं काही सांगू नकोस. मामा पुढच्या आठवड्यात पुन्हा निघतोय आणि मला बोलावलंय. मी रजेचा अर्ज दिला. साहेबांनी न वाचताच सही केली, फक्त एका अटीवर: त्यांनाही न्यायचं. आता मामाला ही बातमी तू सांग. म्हणावं, साहेब आहेत, आजारी आहेत.