चौऱ्याऐंशी भाग

४ डिसेंबर, गुरुवार

माझ्या नातीचं, रियाचं, केळवण थोरल्या जावेकडे झालं. शेवंतीकडे. जेवण बरं होतं. मी तसं सांगितलं नाही. उठताना तिने भावकीसमोर रियाला सोन्याचं नाणं दिलं, आठ ग्रॅमचं. रविवारी केळवण माझ्याकडे. माझं नाणं पाच ग्रॅमचं, हे सगळ्यांना माहीत. सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं.

माझ्या लेकीच्या, सरलाच्या, लग्नात हिनेच माझ्या पाटल्या चारचौघींत उन्हात धरून विचारलेलं, "पितळेच्यो काय गो?" होत्या पितळेच्या. पण विचारायची गरज नव्हती. सव्वीस वर्षं झाली.

५ डिसेंबर

रियाने नाणं ठेवायला माझ्याकडेच दिलं. देवाला डोळे आहेत. चष्मा लावून तपासलं. पुढे कमळावर लक्ष्मी. मागे ९१६. माझ्या नाण्यावर ९९९. रिया म्हणाली, आजी, हजार भागांत सोनं किती, तो आकडा. म्हणजे चौऱ्याऐंशी भाग शेवंतीने खाल्ले. वर कड सगळी दातेरी. कानस मारून सोनं काढलंय. माझ्या नाण्याची कड गुळगुळीत.

दुसरी शिकले, पण वजाबाकी चुकत नाही.

६ डिसेंबर

दोन्ही नाणी घेऊन कुडाळला दत्ताराम सोनाराकडे. म्हणाला, "काकी, चोख सोना मऊ. नाणा टिकाक व्हया म्हणान तांबा घालतत." मी विचारलं, कोण, शेवंती? म्हणाला, टांकसाळीत. म्हणजे तिथेही हिची ओळख. दाते म्हणे मुद्दाम पाडतात, कोणी कड घासली तर कळावं म्हणून. म्हणजे घासतात, हे त्याच्याच तोंडून आलं.

ठरलं. उद्या सगळ्यांसमोर चावून दाखवणार. खरं सोनं दाताखाली नमतं. सर्वेशने नवी कवळी करून दिलीय, सुपारी फुटते. मुलगा एका कामाला तरी आला. घरी माझं नाणं चावून बघितलं. नमलं. लक्ष्मीचा एक हात वाकला, पण चोख.

७ डिसेंबर, सकाळी

विडे वाटताना उठायचं. शेवंती समोर बसेल असं बघायचं. रडली तर पदर द्यायचा नाही.

७ डिसेंबर, संध्याकाळी

उठले. चौऱ्याऐंशी भाग कुठे गेले ते बघा म्हटलं. आधी माझं नाणं चावलं. नमलं. मग तिचं. कट्ट झालं. मला वाटलं, नाणं.

कवळी. एक तुकडा विड्यांच्या ताटात.

शेवंतीने नाणं उचललं, पदराला पुसलं, उन्हात धरलं. सगळीकडून फिरवून बघितलं. म्हणाली, "दाते सगळे आसत गो. नाण्याचे."

भावकी हसली. रियासुद्धा.

९ डिसेंबर

कवळीला आठ दिवस लागणार. लग्न शुक्रवारी. सर्वेश म्हणाला, फोटोत तोंड मिटून बस.

दुपारी शेवंती पेज घेऊन आली. "मऊ शिजयलंय, चावचा लागाचा नाय," म्हणाली आणि समोर बसून राहिली. मीठ कमी होतं. मुद्दाम. हेही लक्षात ठेवणार.

सगळी प्यायले.