बुलबुलाच्या शेपटीखालचं लाल

प्रिय शिवकांता,

तुझ्या सोयरिकीचे पाव्हणे येऊन गेले. सगळ्यांत आधी आल्या त्या उमाबाई, मुलाच्या आई, आणि त्याबी मागच्या दारानं. बाकीची मंडळी वेशीपाशी बैलं सोडत होती. यायचं गुरुवारी, आले बुधवारी. तुझा बाप नळदुर्गच्या बाजारात, आई नदीवर, घरात म्या एकटी. परड्यात शेवग्याला जोंधळ्याची कणसं बांधत होते. तू सोलापूरला मामाकडं शिकाया गेलीस तवापासून चिमण्यांचं ते काम माझ्याकडंच आलंय. बुलबुलांसाठी भिंतीवर पपईची फोड ठेवते. साळुंक्या लई दांडग्या, त्यांना आधी हुसकावं लागतं.

तर म्या समजले, गल्लीत नव्यानं आलेल्या मास्तरांची बायको असंल. बसा म्हटलं, तर बसल्या मुकाट पाखरं बघत. ऐकणारं माणूस मिळालं की माझं कसं होतं, तुला ठावं हाय. कणसांवरून चिमण्या, चिमण्यांवरून तू. तुझ्या बापानं आठ दिवस बजावलं होतं, पाव्हण्यांपुढं चष्म्याचं नाव काढायचं न्हाय. पण ह्या कुठं पाव्हण्या? सांगितलं सगळं. मामानं चष्मा करून दिला, तू सुट्टीत घरी आलीस, ह्याच भिंतीपाशी उभी राहिलीस, आणि बुलबुलाच्या शेपटीखाली लाल असतं हे पंधराव्या वर्षी पहिल्यांदा बघितलंस. रडलीस. मला विचारलंस, हे तुला रोज दिसत होतं व्हय?

तोवर नुसतं हूं हूं करणाऱ्या उमाबाई भिंतीकडं वळल्या. चार पावलांवर बुलबुल पपई खात होता. डोळे बारीक करून त्यांनी बघितलं, मग हळूच विचारलं, "लाल कुठंय हो?"

म्या बोट दाखवलं. त्यांनी परत बघितलं.

"चष्म्यानं खरंच दिसतं?"

तेवढ्यात पुढच्या दारी पुरुष मंडळी आली, आणि कोण कुणाची आई ते मला कळलं. बोलायचं न्हाय तेच बोलून बसले होते. चहा झाला, बाजारातून तुझा बाप आला, बोलणी झाली, तुझ्या आईनं येऊन ओटी भरली, पण उमाबाई चष्म्याबद्दल अक्षर बोलल्या न्हाईत. निघताना माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना सांगू नका."

काय सांगू नका? तुझ्या चष्म्याचं, का त्यांना लाल दिसलं न्हाय त्याचं? चार दिवस तेच घोळवतेय. कधी वाटतं सोयरीक मोडली, कधी वाटतं जमलीच. बाई मात्र मला लई आवडली. का, ते विचारू नको.

आता खरं काम. तुझ्या बापाला यातलं काहीच ठावं न्हाय. पोरगी तुझं ऐकते, तूच लिही म्हणून कागद त्यानंच आणून दिला. चष्मा मामाकडंच ठेवून ये, एवढंच लिहायचं होतं. लिहिलं. आता माझं ऐक. घालूनच ये. पेटीत ठेवू नको, नाक्यावर निजामाचे करोडगिरीवाले जकातीपायी पेट्या उचकतात. मोडलं तर माझ्या तोंडानं मोडलं, बापाचं बोलणं म्या खाईन. पण त्या बाईसमोर तू आंधळ्यावानी बसलेली मला बघवायची न्हाय. पाव्हणे तुला बघाया परत यायचं कबूल करून गेलेत, शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, उपास सोडून, सकाळच्यालाच.

तुझीच आजी,
गंगम्मा