अंगण वाकडं

३ मार्च, रविवार

बसवणार! बसवणार! बसवणार!

दादाकडे जेवायला गेले होते. ताटं वाढून होत नाहीत तोवर त्याने सुरू केलं— "आमच्या मॅडम शर्यतीत खालून दुसऱ्या!" मैदानात शंकू मांडून त्यांच्यामधून गाडी काढायची, तीच ती क्लबची शर्यत. मी म्हटलं, गाडी डावीकडे ओढते. झालं, त्याला तेच हवं होतं. "नाचता येईना, अंगण वाकडं!" ही गाडी त्याने मला दिली त्याला चार वर्षं झाली आणि चार वर्षं हे एकच वाक्य. "माझ्याकडे होती तोवर सुतासारखी सरळ जायची. एक ओरखडा नाही." वहिनी हसली, पोरं हसली. आई तेवढी हसली नाही, पाणी आणायला उठली. टेबलावरचा जग भरलेलाच होता.

मी तिथेच जाहीर केलं— पुढच्या शर्यतीआधी स्ट्रट बार बसवणार. वहिनीने विचारलं, ते काय असतं? बॉनेटखाली पुढच्या दोन्ही चाकांच्या डोक्यावर पत्र्याचे दोन बुरूज असतात, शॉकॲब्सॉर्बर त्यांना टेकलेले. जोरात वळलं की हे बुरूज जरासे हलतात. दोघांना एका आडव्या बारने बांधून टाकलं की गाडीचं नाक आज्ञेत राहतं. एवढंच.

"आणि चालवणारीचं नाक?" — दादा.

५ मार्च

दुकानात गेले. काउंटरवरचा मिशाळ माझ्या मागे बघत होता, कोणी पुरुष येतोय का म्हणून. नाही आला. "मिस्टरांच्या गाडीला का?" मिस्टर नाहीत, गाडी आहे! मग त्याने एक लालभडक बार काढला. "हा बघा, शोला एक नंबर." उचलला तर पोकळ, आणि दोन्ही टोकांना बिजागरीसारखे सांधे. जो स्वतःच सांध्यात हलतो तो दुसऱ्याला काय धरणार! म्हटलं, शोसाठी घरी आरसा आहे.

६ मार्च

चांगल्यातही दोन जाती असतात, आता कळलं. एक कमीजास्त होणारा. मधे आटे, पिळून लांब-आखूड करायचा, कशालाही बसतो. दुसरा अखंड. एकाच तुकड्याचा, गाडीच्या मूळ मापाचा. दिवसभर लॅबमध्ये हाच विचार. मी दात करते— कॅप, ब्रिज, कवळ्या— आणि आमच्यात ओढूनताणून बसवलेल्या कामाला काम म्हणत नाहीत. अखंडच घेणार. साधा चंदेरी, आणि उंचीला बेताचा. नाहीतर बॉनेट लागायचं नाही.

७ मार्च

दादाचा फोन. स्वतःहून! रविवारी खिदळणारा माणूस आज लोण्यासारखा मऊ. "चिमे, घ्यायचाच असेल तर कमीजास्त होणारा घे. मी आणतो. मीच बसवून देतो, मेकॅनिककडे कशाला जातेस?" म्हटलं, मला अखंड हवाय. "हट्ट करू नकोस गं. तो नाही बसत कधी कधी." का नाही बसणार? "जुनी गाडी आहे." गाडी जुनी झाली म्हणून तिची रुंदी बदलते का? यावर त्याने फोनच ठेवला.

मला क्लच सोडायला शिकवला तो यानेच. याच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही. वाईट वाटलं. तरी अखंडच.

८ मार्च

मागवला.

११ मार्च

आता आई! "ऐक दादाचं. नाहीतर विकून टाक. मला ती गाडी डोळ्यांसमोर नको." माझ्या गाडीत बसते तीही मागे, वरची मूठ घट्ट धरून, डोळे मिटून. माझ्या हाताचा एवढा धसका! म्हटलं, आई, चार वर्षांत मी गाडीला साधं खरचटूही दिलं नाही. "तुला नाही गं बोलत मी," म्हणाली आणि विषय बदलला.

खरं सांगू? मलाही वाटायला लागलंय की माझा हातच वाकडा. अलाइनमेंटवालाही दर वेळी म्हणतो, "मॅडम, खड्डे बघून चालवा." इतकी माणसं एकच सांगत असतील तर? तर मग एकदाच काय तो निकाल लागू दे. बार बसवून गाडी सरळ गेली तर गेली. नाही गेली तर किल्ली दादाच्या हातात देईन आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही. लिहून ठेवलं.

१४ मार्च

आला! टेबलावर ठेवलाय. जेवताना समोर तोच होता. पाहुणा म्हणून उत्तम, टोमणे मारत नाही.

१६ मार्च, शनिवार

सगळं लिहिते.

गॅरेजमध्ये मेकॅनिककाकांनी बार बुरुजांवर ठेवला. डावीकडचे तिन्ही बोल्ट मुकाट भोकांतून वर आले. उजवीकडे एकही नाही. भोकं चांगली बोटभर बाहेर. "ताई, बार चुकीचा पाठवलाय. परत करा. नाहीतर भोकं मोठी करून देतो, काही कठीण नाही." आणि कानस उचललीसुद्धा!

ती मी हातातून काढून घेतली. दात बसला नाही की दातच घासत सुटतो तो शिकाऊ. आधी साचा तपासायचा. मागे अगदी अशीच एक गाडी उभी होती, एका शिक्षिकेची, तेल बदलायला आलेली. म्हटलं, तिच्यावर नुसता ठेवून बघा. "कशाला वेळ घालवायचा?" म्हटलं, माझा घालवते. ठेवला— सहाच्या सहा बोल्ट वर! टाळी वाजवली मी.

मग काकाही गंभीर झाले. टेप लावली. माझ्या गाडीचा उजवा बुरूज आत ढकललेला. कडेचा रंग खरवडला, तर खाली जुनं वेल्डिंग. "ताई, ही पुढून जबरदस्त ठोकलेली गाडी आहे. डावीकडे ओढणारच. कोणीही चालवली तरी ओढणार."

कोणीही चालवली तरी!

माझ्याकडे आल्यापासून ती कशालाही धडकलेली नाही. म्हणजे त्याआधी. म्हणजे दादा! म्हणून तो कमीजास्त होणारा, म्हणून "मीच बसवतो". मी तिथेच ग्रीसच्या डब्यांजवळ उभी राहून रडले. आनंद झाला होता आणि संतापही तेवढाच. मला नाचता येत होतं! काका म्हणाले, बॉडीवाला बुरूज ओढून जागेवर आणतो. आणा म्हटलं. बार मात्र हाच बसला पाहिजे.

१७ मार्च

बार घेऊनच दादाकडे गेले. ताटांच्या मधोमध ठेवला. "ठोकली होतीस ना?"

"हो. मीच." लगेच. मान खाली घालून. मिठावरूनही वाद घालणारा माणूस, आणि आज एक "पण" नाही! मी काय काय बोलले. चार वर्षं मला हसलास, पोरांना हसायला शिकवलंस, मी गाडी सोडायला निघाले होते! त्याने सगळं ऐकून घेतलं. आई उठून आत गेली.

जेवले नाही. बार उचलला आणि निघाले.

१९ मार्च

आई आली. एकटी, बसने. चपलाही न काढता दारातच म्हणाली, "तो नव्हता चालवत. मी होते."

साठाव्या वर्षी गुपचूप शिकायला घेतली होती, दादाला शेजारी बसवून. तिसऱ्याच दिवशी खांब. कोणाला कळू द्यायचं नाही म्हणून तिनेच त्याला शपथ घातली आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. "तुला हसायचे तेव्हा घास उतरायचा नाही गं. तरी तोंड उघडलं नाही."

राग आहे. जाईल तेव्हा जाईल. शनिवारी गाडी सरळ होऊन येते, बारसकट, आणि स्टिअरिंगवर पहिली आई बसणार. विचारलं नाही, सांगितलं. "मला नाही गं जमायचं," म्हणाली.

म्हटलं, अंगण सरळ झालंय. आता सबब चालायची नाही.