प्यादेमात यंत्राला शिकवताना

आई, गेल्या रविवारी सांगलीत एका यंत्राने प्यादेमात केली. या शहरात बुद्धिबळ खेळणारे पुष्कळ आहेत. या घटनेचे मोल कळणारे फार थोडे. म्हणून तुला लिहिते आहे.

तू गेलीस तेव्हा संगणक हा शब्दही आपल्या साताऱ्यात कोणी ऐकला नव्हता. खोलीभर कपाटांचे ते यंत्र पुण्याला आहे. मी इथून भोके पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे पाठवते आणि ते माझ्या नियमांनी खेळी निवडते. डावाची सुरुवात कशी करावी, कोणत्या मांडणीला काय उत्तर द्यावे, याचा संग्रह रचणे हे माझे काम. विलायती खेळासाठी अशी पुस्तके आयती मिळतात. आपल्या देशी खेळात पहिल्या काही खेळ्या आपापल्या अर्ध्या पटावर एकदम करून घ्यायच्या असतात, त्यामुळे ती पुस्तके इथे निरुपयोगी. सगळे मुळापासून रचावे लागले, आणि ते मी रचले.

पुण्याच्या संगणक केंद्रातले सहकारी म्हणाले, ‘‘बाई, तो बुर्जीचा नियम तेवढा काढा. समोरच्याचा एकटा राजा उरला की बरोबरी, हे यंत्राला कशाला? अशानं तुम्हाला यंत्राचा वेळ मिळणं अवघड आहे.’’ मी म्हटले, ‘‘नियम काढला तर खेळच उरत नाही. मग वेळ घेऊन मी करू काय?’’ त्यांनी एक शेवटची संधी दिली. पहिल्याच चाचणीत यंत्राने हावरटासारखी सगळी मोहरी मारली आणि फोनवर मला हसणे ऐकू आले : ‘‘अभिनंदन, बाई! समोरच्याला धुऊन काढलं, अन् डाव बरोबरीत!’’

फोन ठेवला आणि आपले स्वयंपाकघर आठवले. वडील पलटणीत आहेत, चुलीवर आमटी रटरटते आहे, पाटावर पटाचे कापड पसरले आहे. मी तुझे शेवटचे मोहरे मारून विजयाने वर पाहते. तू पिठाचे हात झटकतेस. ‘‘मारलंस समदं? आता मात कुणाला देनार, भिंतीला? ऊठ, भाकरी थाप.’’ मग पट पुन्हा मांडतेस आणि एका प्याद्याला कुंकवाचे बोट लावतेस. ‘‘ह्याच्या हातनं मात. आदी सांगायचं, मग खेळायचं. कुनीबी हत्तीनं मारील, त्यात काय शानपन?’’ आणि त्याच प्याद्याने मला मात देतेस, दरवेळी.

मी संग्रह मोडून पुन्हा लावला. आता प्रत्येक मांडणीच्या आधी यंत्र मात देणारे प्यादे निवडते. त्याला जपते आणि समोरच्याचे एक मोहरे मुद्दाम राखते. या तत्त्वावर असा संग्रह रचल्याचे माझ्या तरी वाचनात नाही, आणि माझे वाचन कमी नाही. रविवारी माधवनगरच्या गिरणीतले एक जुने, नामांकित खेळाडू समोर बसले होते. खेळ्या पुण्याहून ट्रंककॉलवर येत होत्या. यंत्राने आपले प्यादे आधीच जाहीर केल्यावर ते मिशीत हसले. त्याच प्याद्याने मात बसली तेव्हा मात्र मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘‘आवं बाई, ह्याला रीतभात हाय की! कुनाच्या घरचं म्हनायचं हे?’’ मी सांगितले, माझ्या आईच्या. पुण्याच्या सहकाऱ्यांनी यंत्राचा वेळ वाढवून दिला आहे. बुर्जी राहिली.

आणखी एक सांगायचे आहे. डाव्या घोड्यापुढचे प्यादे नेमून तू जी मांडणी करायचीस, ती तू असताना मला कधी फुटली नाही. पुढे गणिताची सर्वोच्च पदवी घेतल्यावरही नाही. ती आता फुटली आहे. उंट दोनदा मागे घ्यायचा, इतके साधे उत्तर. मी ते सर्व बाजूंनी तपासले आहे, चूक नाही. हे पत्र टपालात पडायचे नाही, म्हणून इथे कबूल करायला हरकत नसावी : उत्तर मला सापडले नाही, यंत्राला सापडले. तुला हरवायला खोलीभर कपाटे लागली.